स्पोर्टबाईकवरून क्रूझरवर: वारजे ते हिंजवडी

माझी यामाहाची आर१५ ही स्पोर्टबाईक मी २०१८ साली हौसेने घेतली, तिसऱ्या पिढीचं मॉडेल नुकतंच आलं होतं तेव्हा. ताम्हिणी, वरंधा, पसरणी, जिथे रस्त्याला वळण आहे तिथे त्या गाडीने मला भरभरून दिलं. त्यामुळे ती सोडून क्रूझर, म्हणजे पाय पुढे ठेवून ताठ बसायची गाडी, घ्यायची का, हा माझ्यासाठी नुसता पैशांचा प्रश्न नव्हता. पण घाट अधूनमधून आणि ऑफिस रोज. गेल्या वर्षी मी हा प्रश्न नीट मनावर घेतला, चार जणांना विचारलं, गाड्या चालवून पाहिल्या आणि शेवटी निर्णय केला. स्पोर्टबाईकवाले बरेच जण याच उंबरठ्यावर असतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी रस्ता सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. राहायला वारजे, ऑफिस हिंजवडी फेज टू. वारज्याहून हायवेला लागायचं, डुक्कर खिंड, चांदणी चौक, बावधन, सूसची खिंड, बाणेर, बालेवाडी, मुळेवरचा पूल आणि वाकड. बालेवाडीपर्यंत बऱ्यापैकी मोकळं मिळतं. २०२३च्या ऑगस्टमध्ये चांदणी चौकातला नवा पूल सुरू झाल्यापासून तर तिथली जुनी कोंडी बरीच सुटली. खरी परीक्षा वाकडला खाली उतरल्यावर. भूमकर चौकापासून पुढे गाडी चालत नाही, सरकते. पहिला गिअर, हाफ क्लच, पाय खाली, पुन्हा पहिला गिअर.

स्पोर्टबाईकवर मनगटं का दुखतात याचं कारण मला या रस्त्यानेच शिकवलं. हँडल खाली, फूटरेस्ट मागे आणि वर, त्यामुळे धड पुढे झुकतं. हायवेवर ८०-९०च्या पुढे गेलं की समोरचा वारा छातीला टेकू देतो आणि हातांवरचा भार उतरतो. पण ताशी दहा-पंधराच्या वेगाने सरकताना तो टेकू नसतो. मग मान, खांदे, सगळं वजन तळहातांवर येतं, आणि त्याच तळहाताने क्लचही दाबायचा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी गाडीवर बसतो तसं स्टुलावर बसून दाखवायला सांगितलं, कोपर ताठ आहेत हे बोट लावून दाखवलं आणि म्हणाल्या, "हात स्टिअरिंगसाठी आहेत, वजन पेलायला नाहीत. मांड्यांनी टाकी धरा, पोट आवळा, कोपर सैल सोडा." तसं केल्यावर फरक पडला, अगदी स्पष्ट पडला. ज्यांना केवळ मनगटाच्या दुखण्यासाठी गाडी बदलायची आहे त्यांनी आधी हे करून बघावं, कदाचित पैसे वाचतील. माझं दुखणं निम्मं झालं. वाकडच्या पुढचं निम्मं तसंच राहिलं.

मग कागदावर आकडे मांडले, आणि एक गोष्ट बघून चाट पडलो. माझ्या आर१५ची ताकद १९.३ पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवर). रॉयल एनफिल्डच्या ज्या मिटिओर ३५० या क्रूझरचा मी विचार करत होतो तिची २० पीएसच्या जरा पुढे. म्हणजे जवळपास तेवढीच! पण आर१५ ती ताकद १०,००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) देते आणि मिटिओर ६,१००ला. टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनच्या ओढीत, मात्र जमीन-अस्मानाचा फरक: आर१५ला साधारण १५ न्यूटन मीटर आणि तेही ८,५०० आरपीएमला, मिटिओरला २७, आणि ४,०००लाच. हिंजवडीच्या रांगेत मी ४,०००च्या वर कधी जातो? जवळपास कधीच नाही. आर१५चं इंजिन जिथे जागं होतं तिथे पोचायला मला रस्ताच नव्हता, म्हणून सारखा गिअर खाली घ्यायचा आणि क्लचवर खेळायचं. माझ्या डाव्या हाताच्या दुखण्याचं मूळ बसण्याच्या ढबीइतकंच इंजिनच्या स्वभावात होतं. क्रूझर म्हणजे आरामशीर सीट एवढंच लोक बोलतात. रोजच्या जाण्या-येण्यासाठी मला तिचं खालच्या आरपीएमचं ओढणं जास्त मोलाचं वाटतं.

कर्वेनगरच्या ज्या गॅरेजमध्ये माझी गाडी वर्षानुवर्षं जाते त्या मामांना विचारलं. त्यांनी हात पुसत एका वाक्यात सांगितलं, "दादा, क्रूझरला मनगट सुटतं, पण माकडहाड धरतं." आणि पुढे म्हणाले, "शोरूमच्या दारातून चक्कर मारून काय कळणार नाही. तुमच्या खड्ड्यांवर चालवा."

पर्याय फार नव्हते. बजाजची अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझ, रॉयल एनफिल्डची मिटिओर ३५०, आणि मोठ्या मनाने बघायचं तर सुपर मिटिओर ६५० किंवा हार्ले-डेव्हिडसन एक्स४४०. शेवटच्या दोन जीएसटीने बाद केल्या. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. मिटिओरचं इंजिन ३४९ सीसीचं, म्हणजे बरोबर अलीकडच्या काठावर. खरेदीची वेळ याच्याशी जुळवणं शहाणपणाचं होतं, म्हणून ऑगस्टमध्ये बुकिंगची घाई केली नाही. महाराष्ट्रात रोड टॅक्स मात्र २९९ सीसीच्या वर १२ टक्के लागतो, तो धरूनच ऑन-रोड किंमत काढावी. नुसती एक्स-शोरूम किंमत बघून हरखून जाऊ नये.

शोरूममध्ये टेस्ट राइड मिळाली, पण ती ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावर, दुपारी, सोबत त्यांचा माणूस. त्या चकरेत प्रत्येक क्रूझर छान वाटते. सीट खाली, दोन्ही तळपाय जमिनीवर टेकलेले, हँडल हातात येऊन बसतं. आर१५ची सीट ८१५ मिलिमीटरवर, मिटिओरची ७६५वर, अ‍ॅव्हेंजरची तर ७३७वर. सात वर्षं चवड्यांवर उभं राहिलेल्या माणसाला एवढंही स्वर्गासारखं वाटतं. मी त्यांना विचारलं, सोमवारी सकाळी साडेआठला ही गाडी हिंजवडीला नेऊ द्याल का? अर्थातच नाही म्हणाले, त्यांच्या जागी ते बरोबरच होते.

म्हणून भाड्याने घेतली. पुण्यात दुचाकी भाड्याने देणारी दुकानं बरीच आहेत. लायसन्सची प्रत, आधार, डिपॉझिट दिलं की काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी हातात. मिटिओर मी कामाच्या दिवसांतच घेतली, शनिवार-रविवार जोडून नाही. अ‍ॅव्हेंजर एका मित्राची मिळाली. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, माझ्याच वेळेला, माझ्याच रस्त्यावर, पाठीवर माझाच लॅपटॉप. या सगळ्या प्रकरणात मी केलेलं सर्वात उपयोगाचं काम हेच. भाड्याचे पैसे गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहेत.

अ‍ॅव्हेंजरने पहिल्याच दिवशी मामांचं वाक्य खरं केलं. मुळेच्या पुलावर स्लॅबचे जोड आहेत. आर१५वर मला ते जाणवायचेही नाहीत, कारण जोड जवळ आला की पाय आपोआप फूटरेस्टवर दाब देतात आणि बूड सीटवरून बोटभर उचललं जातं. गुडघे आणि पोटऱ्या शॉकअपचं काम करतात. अ‍ॅव्हेंजरवर पाय पुढे पसरलेले. शरीराने सवयीने उठायचा प्रयत्न केला, पण पायाखाली टेकू होता तो पुढे, शरीराखाली नाही. उठता आलंच नाही आणि सगळा धक्का थेट माकडहाडातून कमरेत गेला. मोकळ्या हायवेवर ती गाडी निवांत चालते, दोन चाकांमधलं अंतर (व्हीलबेस) लांब असल्यामुळे सरळ रेषेत रुळल्यासारखी जाते, आणि तिच्या किमतीत तेवढं सुख दुसरं कोणी देत नाही. पण भूमकर चौकाच्या पुढचे खड्डे तिच्यावर रोज घ्यायला माझी कंबर तयार नव्हती.

मिटिओरचे फूटरेस्टही पुढे आहेत, पण तेवढे नाहीत. गुडघा जवळपास काटकोनात राहतो. पूर्ण उभं राहता येत नसलं तरी मोठा खड्डा दिसला की हँडलला हलकंसं ओढून आणि पायाने दाबून वजन थोडं उचलता येतं. माझ्यासाठी दोन गाड्यांमधला निर्णय इथेच झाला. कोणत्याही क्रूझरवर बसताना स्पोर्टबाईकवाल्याने आधी हेच बघावं: सीटवरून बूड उचलता येतं का. येत नसेल आणि रस्ता खराब असेल, तर बाकी सगळं कितीही आवडो, सोडून द्यावी.

सवयी मोडायला वेळ लागला. पहिले काही दिवस सिग्नल सुटला की माझा पाय मागे फूटरेस्ट शोधायला जायचा आणि हवेत चाचपडायचा. गिअर टाचेनेही पडतो हे मेंदूला कळत होतं, पायाला नाही. ब्रेकचं तर सगळं शिक्षणच वेगळं. स्पोर्टबाईकवर वजन पुढे असतं, ब्रेक दाबला की आणखी पुढे येतं, त्यामुळे खरं काम पुढचाच ब्रेक करतो आणि मागचा नुसता साथीला. क्रूझर लांब, बसणं मागे, वजन मागच्या चाकावर. तिथे मागचा ब्रेक खरोखर कामाला येतो आणि रांगेत सरकताना मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवला की गाडी कमालीची स्थिर राहते. माझी २०१८ची आर१५ एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली होती, मिटिओरला दोन्ही चाकांना आहे. पावसाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर सांडलेलं ऑईल ज्याने पाहिलंय त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

वजन हा मुद्दा मात्र कुणी गोड करून सांगू नये. आर१५ साधारण १४० किलोची, मिटिओर १९१. चालताना ते जाणवत नाही, कारण सगळं खाली आहे. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतारावर उलटी ढकलताना जाणवतं, आणि गाड्यांच्या मधून काढताना त्याहून जास्त. तिथे वजनापेक्षाही हँडलची रुंदी आडवी येते. आर१५चं हँडल अरुंद, दोन कारच्या मधल्या फटीतून ती सुतासारखी जायची. मिटिओरचं हँडल नेमकं कारच्या आरशाच्या उंचीला येतं. वाकडच्या रांगेत जिथे मी आधी सरळ पुढे जात होतो तिथे आता थांबतो. घरून ऑफिसला पाच-दहा मिनिटं जास्त लागतात. ज्यांना फटीतून पुढे जाणं हाच दुचाकीचा अर्थ वाटतो त्यांनी हा हिशेब आधी करावा.

वाऱ्याचंही उलटं. आर१५वर टाकीवर झुकलं की पुढचं आवरण, म्हणजे फेअरिंग, वारा कापायचं. मिटिओरवर ताठ बसलेलं आख्खं शरीर वाऱ्याच्या तोंडी. ९०च्या वर छातीवर सतत दाब येतो आणि मानेला तो कळतो. ऑफिसच्या रस्त्यासाठी ८० पुरेसे आहेत, पण मुंबईला जायचं तर विंडशील्ड लावावी लागेल.

एक फायदा मात्र मला कुणीच आधी सांगितला नव्हता. लॅपटॉपची बॅग. स्पोर्टबाईकवर पुढे झुकलेल्या पाठीवर बॅग स्वार होते, तिचं वजन खांद्यांतून हातात आणि हातातून पुन्हा मनगटात. क्रूझरवर ताठ बसलं की बॅगेचं बूड मागच्या सीटवर टेकतं आणि पट्टे सैल पडतात. चार्जर, डबा, पाण्याची बाटली धरून ती बॅग काही हलकी नसते. संध्याकाळी घरी पोचल्यावर खांद्यांत जो दगड असायचा तो पहिल्याच आठवड्यात गेला.

बायकोचं मत मी भाड्याच्या गाडीवरच घेतलं. आर१५च्या मागच्या सीटवर ती शेवटची कधी बसली हे आम्हाला दोघांनाही आठवत नव्हतं. "त्या गाडीवर मागे बसायचं म्हणजे तुझ्या पाठीवर लटकायचं," हे तिचं जुनं म्हणणं, आणि त्यात तथ्य होतं, ती सीट उंच आणि हातभर सुद्धा नाही. मिटिओरवर आम्ही खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. उतरल्यावर ती म्हणाली, "ही घे. पण पाठीला टेकू असलेली." म्हणून मागे बॅकरेस्ट असलेलंच मॉडेल ठरवलं.

आता आर१५ विकण्याचं. दोन्ही ठेवाव्यात असं मनात होतं, पण पार्किंग एकच, आणि उभी राहून गाडी खराब होते. विकायला काढण्याआधी मामांकडून चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड आणि कूलंट बघून घेतलं. मग कागद. गाडी १ एप्रिल २०१९च्या आधीची, त्यामुळे एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी लावलेली हवी, तिच्याशिवाय आरटीओत नाव बदलण्याचं काम पुढे सरकत नाही. दुचाकीसाठी पाटीचे ४५० रुपये आणि वर जीएसटी. ऑनलाईन तारीख घ्यायची आणि केंद्रावर जायचं. ती तारीख लवकर मिळेलच असं नाही, म्हणून गिऱ्हाईक शोधण्याच्या आधी हे उरकावं. कर्ज कधीच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच दिसत होता. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो काढला, मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०.

घेणारा एक कॉलेजचा मुलगा, वडिलांबरोबर आला. वडील मला "तुम्ही का विकताय?" हे तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारत होते. मी खरं तेच सांगितलं, मनगट आणि हिंजवडी. मुलाला बाजूला घेऊन कोपर सैल ठेवायचं आणि मांड्यांनी टाकी धरायचं दाखवलं. गाडी त्याच्या नावावर झाल्याचं परिवहनच्या वेबसाईटवर दिसेपर्यंत मी पाठपुरावा सोडला नाही. हे प्रत्येकाने करावं. नाव आपलंच राहिलं तर उद्याची पावती आणि अपघाताची नोटीसही आपल्याच दारी येते.

विम्याच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच जणांच्या हातून निसटते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून तसं पत्र मागून घेतलं की तो नव्या गाडीच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात वळता होतो, आणि ते पत्र तीन वर्षं चालतं. मी पत्र आधीच हातात ठेवलं होतं. डीलरच्या काउंटरवर पहिल्या कोटेशनमध्ये ही सूट नव्हती, पत्र दाखवल्यावर आली.

नवी मिटिओर दसऱ्याला घरी आणायची ही आईची इच्छा. २ ऑक्टोबरला दसरा, म्हणजे जीएसटी उतरल्यानंतर जेमतेम दहा दिवस, आणि सगळ्या पुण्याने हाच हिशेब केलेला. शोरूमच्या बाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग होती. सप्टेंबरमध्येच मिटिओरचं सुधारित मॉडेल आलं, त्यात स्लिप-असिस्ट क्लच आहे. भाड्याच्या जुन्या गाडीपेक्षा क्लच लिव्हर लक्षात येण्याइतकी हलकी, आणि माझ्यासारख्या डाव्या हाताच्या दुखण्याने इथवर आलेल्या माणसाला ती हलकी लिव्हर बाकी सगळ्या नव्या गोष्टींपेक्षा जास्त भावली. आर१५लाही असा क्लच होता, त्यामुळे पटकन दोन गिअर खाली घेतल्यावर मागचं चाक अडखळत नाही याची सवय होती. ती सवय मोडावी लागली नाही.

पहिल्या सर्व्हिसला मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, माझ्या वजनाला बसवून घेतला. हे बहुतेक लोक करत नाहीत आणि मग गाडी आपटते म्हणतात. एकट्याने चालवताना तो नरम, मागे कुणी असेल तर कडक. अवजार गाडीबरोबरच मिळतं.

गमावलं ते गमावलंच. वळणात गाडी झोपवण्याचा तो आनंद मिटिओर देत नाही. चांदणी चौकाच्या उतारावरच्या गोल वळणात जरा जोरात गेलं की फूटरेस्ट रस्त्याला घासायला लागतो आणि गाडी स्वतःच सांगते की बास. पेट्रोलही जास्त लागतं, चाळिशीच्या वर मिळणारं मायलेज तिशीत आलं. आणि इंजिन १०,००० आरपीएमपर्यंत चढताना जो आवाज अंगात भिनायचा त्याची आठवण येते. पण सकाळी हेल्मेट उचलताना मनगट चोळणं थांबलंय.

ऑफिसातले दोघं-तिघं आता विचारतात. त्यातला एकजण केटीएमची आरसी ३९० ही स्पोर्टबाईक चालवतो, राहायला नाना पेठेत. त्याचा रस्ता म्हणजे शहरातलं ट्रॅफिक, अरुंद बोळ, पावलापावलावर स्पीडब्रेकर, हायवे जवळजवळ नाहीच. त्याला मी क्रूझर घेऊ नको असंच सांगितलं. पाय शरीराखाली राहतील आणि हँडल उंच असेल अशी साधी, सरळ बसायची गाडी बघ म्हटलं. त्याला तरीही मिटिओर चालवून बघायची आहे. पुढच्या सोमवारी मी माझीच देणार आहे, सकाळी साडेआठला, त्याच्याच रस्त्यावर.